केरो लक्ष्मण छत्रे

केरो लक्ष्मण छत्रे (१६ मे १८२५ – १९ मार्च १८८४) हे एकोणिसाव्या शतकातील मराठी गणितज्ञ, ज्योतिर्विद आणि अध्यापक होते. केरोपंत किंवा केरूनाना छत्रे या नावांनी ते ओळखले जातात. युरोपीय वेधांवर आधारलेले ग्रहगणित मराठीत आणणारा 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ (१८६०) आणि १८६५ पासून निघू लागलेले नवीन अथवा पटवर्धनी पंचांग ही त्यांची प्रमुख कामे होत. पंचांगातील गणित आकाशातील प्रत्यक्ष स्थितीशी जुळले पाहिजे, ही भूमिका त्यांनी महाराष्ट्रात छापील पंचांगाच्या रूपाने कृतीत आणली. लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी होत.

जन्म आणि परिसर

केरोपंतांचा जन्म अलिबागजवळील नागाव या गावी झाला. नागाव हे अष्टागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या किनारपट्टीत येते. नारळी-पोफळीच्या वाड्या, भातखाचरे आणि समुद्राचे पाणी अडवून राखलेल्या खारजमिनी असे या भागाचे रूप आहे. केरोपंतांच्या जन्मकाळी हा प्रदेश आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानात मोडत असे. १८४०च्या दशकात संस्थान खालसा होऊन तो इंग्रजी अमलाखाली गेला. पुढे झालेल्या कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड असे बदलण्यात आले.

ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात या किनाऱ्याला आधीपासून स्थान होते. नागावच्या दक्षिणेस, मुरूडजवळच्या नांदगाव येथे सोळाव्या शतकात गणेश दैवज्ञ होऊन गेले. त्यांनी शके १४४२ (इ.स. १५२०) मध्ये 'ग्रहलाघव' हा करणग्रंथ रचला, तर तिथी काढण्यासाठी 'तिथिचिंतामणि' ही सारणी तयार केली. ज्या-कोज्यांच्या किचकट गणिताशिवाय ग्रहांची स्थाने काढता येत असल्याने 'ग्रहलाघव' अत्यंत लोकप्रिय झाला. केरोपंतांच्या काळी महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगे याच परंपरेतील गणितावर चालत होती. ज्या ग्रंथांच्या जागी केरोपंतांनी नवी कोष्टके आणली, ते त्यांच्याच किनाऱ्यावर रचले गेले होते.

शिक्षण

केरोपंतांचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये झाले. तेथे बाळशास्त्री जांभेकर आणि प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्याकडे त्यांनी गणित, पदार्थविज्ञान आणि ज्योतिष या विषयांचा अभ्यास केला. दोन्ही शिक्षकांचा मुंबईतील वेधशाळेशी संबंध होता. त्यामुळे पुस्तकी गणिताबरोबर उपकरणे, वेध आणि नोंदी यांच्याशी केरोपंतांचा परिचय विद्यार्थिदशेतच झाला.

कुलाबा वेधशाळेतील काम

१८४०च्या सुमारास केरोपंत मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत साहाय्यक म्हणून रुजू झाले आणि सुमारे १० वर्षे त्यांनी तेथे काम केले. ही वेधशाळा मुंबई बेटाच्या दक्षिण टोकावरील कुलाब्यात असून अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ल्याशी तिचा संबंध नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये ती स्थापन केली. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ पुरवणे आणि ज्योतिषविषयक वेध घेणे हे तिचे मूळ प्रयोजन होते. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित निरीक्षणे सुरू झाली. वायुभार, तापमान आणि वारा यांच्याही नोंदी ठेवल्या जात.

ठरलेल्या वेळी उपकरण वाचणे, आकडा नोंदवणे आणि पूर्वीच्या आकड्यांशी ताडून पाहणे अशा स्वरूपाचे हे काम होते. आकाशातील घटना आणि कागदावरील गणित यांच्यात किती अंतर पडते, हे मोजण्याची शिस्त केरोपंतांना येथे लाभली. त्यांच्या पुढील सर्व कार्यात ती दिसते.

अध्यापन

१८५१च्या सुमारास केरोपंत पुण्यास आले. आरंभी त्यांनी मराठी माध्यमातून गणित व सृष्टिशास्त्र शिकवले. पुढे ते इंजिनिअरिंग कॉलेज आणि डेक्कन कॉलेज येथे गणित व पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. डेक्कन कॉलेजात बाळ गंगाधर टिळक त्यांच्या हाताखाली शिकले. टिळकांना गणित आणि ज्योतिष यांविषयी वाटणारी ओढ व आपल्या गुरूंविषयीचा आदर आयुष्यभर टिकून राहिला. सरकारने १८७७ मध्ये केरोपंतांना रावबहादूर ही पदवी दिली. १८७९ मध्ये ते सेवानिवृत्त झाले.

भरती-ओहोटीवरील निबंध

एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने १८४८ मध्ये सुरू झालेल्या चळवळीतून मुंबईत ज्ञानप्रसारक सभा उभी राहिली. तिच्यापुढे केरोपंतांनी हवा, कालज्ञान आणि भरती-ओहोटी यांसारख्या विषयांवर मराठीतून निबंध वाचले. शास्त्रीय विषयांची परिभाषा मराठीत नुकतीच घडत होती, अशा काळातील हे प्रयत्न होते.

भरती-ओहोटी हा अष्टागरातील माणसाच्या रोजच्या व्यवहाराचा विषय आहे. होडी खाडीत आणणे, मासेमारीस निघणे, खारबंदिस्तीची डागडुजी करणे, मिठागरात पाणी घेणे ही सारी कामे पाण्याच्या वेळेवर ठरतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जाता येते आणि भरतीत ती वाट पाण्याखाली जाते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या आसपास येणाऱ्या मोठ्या भरतीला उधाणाची भरती आणि अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या लहान भरतीला भांगाची भरती असे म्हणतात.

भरतीची वेळ काढण्याचा एक ठोकताळा या किनाऱ्यावर पूर्वापार प्रचलित आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीचे तास मिळतात. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती येते. दशमीला ती साडेसातच्या सुमारास येते. या ठोकताळ्यामागे साधे गणित आहे. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर अमावास्येला व पौर्णिमेला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास भरती असते. चंद्र रोज पूर्वेकडे सरकत असल्याने भरतीची वेळ तिथीगणिक सरासरी ४८ मिनिटांनी पुढे जाते. हिशेबाच्या सोयीसाठी ४८ ऐवजी ४५ मिनिटे धरली जातात. पंधरवड्याच्या अखेरीस त्यामुळे पाऊण तासाची तूट पडते, पण नव्या पक्षात मोजणी पुन्हा आरंभापासून होत असल्याने ती साचत नाही. अशा प्रकारे कोळी, खारवी आणि आगरी लोकांसाठी पंचांगातील तिथी ही समुद्राची वेळ सांगणारी खूणही होती.

भरतीचे बल आणि चंद्राची कक्षा

भरती येण्याचे कारण चंद्राची नुसती ओढ हे नसून त्या ओढीतील फरक हे आहे. पृथ्वीचा जो भाग चंद्राच्या जवळ आहे त्यावर अधिक ओढ बसते आणि दूरच्या भागावर कमी. या फरकामुळे पृथ्वीच्या दोन्ही बाजूंस पाण्याला फुगवटा येतो आणि दिवसातून दोन भरत्या होतात. हे बल अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. सूर्य चंद्रापेक्षा अतिशय जड असला तरी फार दूर असल्याने त्याचे भरतीचे बल चंद्राच्या बलाच्या ४६ टक्क्यांच्या आसपास भरते. दोन्ही बले एका रेषेत आली की उधाण येते, काटकोनात आली की भांग.

ओढीतील हाच फरक चंद्राच्या कक्षेवरही काम करतो. सूर्य पृथ्वीला आणि चंद्राला सारख्याच बलाने ओढत नाही. चंद्र कधी पृथ्वीपेक्षा सूर्याच्या जवळ असतो, तर कधी दूर. त्यामुळे चंद्राची पृथ्वीभोवतीची कक्षा स्थिर लंबवर्तुळ न राहता सतत थोडी वाकत, फुगत आणि फिरत राहते. लंबवर्तुळामुळे येणारा मोठा फरक वजा केल्यावरही चंद्र आपल्या अपेक्षित स्थानापासून कधी पुढे, तर कधी मागे दिसतो. या उरलेल्या फरकांपैकी सर्वांत मोठा सुमारे १.२७ अंशांचा आहे. दुसरा, टायको ब्राहे यांनी ओळखलेला फरक सुमारे ०.६६ अंशाचा असून तो पंधरवड्याच्या आवर्तनाने येतो. तिसरा वार्षिक फरक सुमारे ०.१९ अंशाचा आहे.

तिथी म्हणजे सूर्य व चंद्र यांच्यात १२ अंशांचे अंतर पडण्यास लागणारा काळ. त्यामुळे चंद्राच्या स्थानातील प्रत्येक अंशाची चूक तिथीच्या समाप्तीत सुमारे दोन तासांचा फरक पाडते. नागावच्या पुळणीवर पाणी चढवणारे बल आणि तिथी लहान-मोठी करणारे बल तत्त्वतः एकाच जातीचे आहे.

जुन्या पंचांगांतील अंतर

'ग्रहलाघव' परंपरेतील तिथिगणितात चंद्रासाठी एकच मुख्य संस्कार वापरला जात असे. ग्रहणाच्या वेळी, म्हणजे पौर्णिमेच्या वा अमावास्येच्या क्षणी, तो बराचसा पुरेसा ठरतो, कारण त्या वेळी सूर्यामुळे येणारे मोठे फरक त्या संस्कारात मिसळून जातात किंवा शून्यावर येतात. पक्षाच्या मध्याकडे मात्र हे फरक उघड होतात आणि तिथीच्या समाप्तीची वेळ काही तासांनी चुकू शकते. ग्रहणे बऱ्यापैकी जुळत असल्याने इतर तिथींतील चूक सामान्य लोकांच्या लक्षात येत नसे, कारण अष्टमी किंवा एकादशी संपण्याचा क्षण डोळ्यांनी दिसत नाही.

जुन्या गणितानुसार तिथी ६० घटिकांहून फार तर ५ घटिकांनी वाढते आणि ६ घटिकांनी घटते. हा नियम बाणवृद्धि-रसक्षय या नावाने धर्मशास्त्रीय चर्चेत रूढ होता. प्रत्यक्ष आकाशात तिथी सुमारे २० तासांपासून २६ तास ४७ मिनिटांपर्यंत बदलते. घटिकांत सांगायचे तर ती सुमारे १० घटिकांनी घटते आणि ७ घटिकांनी वाढते.

या चुकीचा कोळ्यांना फारसा त्रास नव्हता. तिथी पाच तासांनी चुकली तरी भरतीच्या वेळेत जेमतेम १० मिनिटांचा फरक पडतो. धर्मकृत्यांत मात्र सूर्योदयाच्या वेळी कोणती तिथी आहे यावरून दिवस ठरत असल्याने काही तासांच्या अंतरामुळे एकादशीचा उपवास किंवा श्राद्ध एका दिवसाने मागे-पुढे होऊ शकते. पंचांगशोधनाचा वाद तीव्र होण्याचे हे एक प्रमुख कारण होते.

वर्षमानाचाही प्रश्न होता. सूर्यसिद्धांताच्या परंपरेतील वर्ष ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेल्या खऱ्या वर्षापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. गणेश दैवज्ञांपासून केरोपंतांपर्यंतच्या ३४० वर्षांत हा फरक साचून १९ तासांच्या वर गेला होता.

ग्रहसाधनाची कोष्टके

केरोपंतांनी फ्रेंच व इंग्रजी ग्रंथांच्या आधारे तयार केलेला 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ शके १७८२ (इ.स. १८६०) मध्ये प्रसिद्ध झाला. सूर्य, चंद्र आणि ग्रह यांची स्थाने काढण्यासाठी लागणाऱ्या सारण्या त्यात मराठीतून दिल्या आहेत. संस्कृत करणग्रंथ वापरणाऱ्या जोशांना युरोपीय गणित परके होते आणि इंग्रजी शिकलेल्यांना पंचांगाची रीत परकी होती. या दोन्ही वर्गांना समजेल असे साधन ग्रंथाने पुरवले. पुढील पिढीतील ज्योतिर्विदांनी आधुनिक ग्रहगणिताचा अभ्यास करताना त्याचा उपयोग केला.

पटवर्धनी पंचांग

कोष्टके छापली तरी लोकांच्या हाती पडते ते पंचांग. शके १७८७ (इ.स. १८६५) पासून केरोपंतांनी आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने नवीन पंचांग काढण्यास आरंभ केला. पटवर्धनांच्या आश्रयामुळे ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले जाऊ लागले. केरोपंती पंचांग असेही त्यास म्हणत. त्याचे गणित ग्रीनिचच्या वेधांवर आधारलेल्या नॉटिकल आल्मनॅकवरून केले जाई. सूर्यामुळे चंद्राच्या गतीत पडणारे सर्व प्रमुख फरक आल्मनॅकच्या गणितात आधीच आलेले असल्याने या पंचांगातील तिथी आकाशाशी जुळत असे. राशिचक्राचा आरंभ मोजण्यासाठी केरोपंतांनी रेवती नक्षत्रातील झीटा पिशियम हा तारा आधार म्हणून घेतला.

नव्या पंचांगातील ग्रहणे, ग्रहांच्या युती आणि उदयास्त प्रत्यक्ष पाहून पडताळता येत. तरीही त्याने जुन्या पंचांगांची जागा लगेच घेतली नाही. व्रते व सण परंपरेने ठरलेल्या दिवशीच करावेत, असे मानणारा वर्ग मोठा होता. तिथी ७ घटिकांनी वाढते आणि १० घटिकांनी घटते, ही गोष्ट धर्मशास्त्राच्या रूढ नियमाशी विसंगत वाटत असे. शिवाय परदेशातून येणाऱ्या पुस्तकावर अवलंबून असलेले गणित धर्मकृत्यांस चालेल का, असाही आक्षेप होता.

सायन-निरयन वाद

पंचांग सुधारले पाहिजे, यावर एकमत असणाऱ्यांतही सुधारणा कोणती, यावर मतभेद होते. विसाजी रघुनाथ लेले यांनी सायन पद्धतीचा पुरस्कार केला. ऋतू ज्या संपातबिंदूवर अवलंबून असतात त्यापासूनच राशी मोजाव्यात, असे या पक्षाचे म्हणणे होते. केरोपंतांनी ताऱ्यांवर आधारलेली निरयन पद्धती कायम ठेवून फक्त गणित शुद्ध केले होते. या प्रश्नावर दोन्ही पक्षांत जाहीर वादविवाद झाला. लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या प्रयत्नांतून शके १८०६ (इ.स. १८८४) पासून सायन पंचांग निघू लागले. दीक्षितांनी मतभेद असूनही आपल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (१८९६) या ग्रंथात केरोपंतांच्या कार्याची सविस्तर नोंद घेतली आहे.

त्याच काळात ओडिशातील चंद्रशेखर सामंत (१८३५–१९०४) यांनी युरोपीय ग्रंथांच्या आधाराविना, स्वतः बनवलेल्या साध्या साधनांनी वेध घेऊन चंद्राच्या गतीतील हेच तीन फरक आपल्या गणितात आणले. केरोपंत आणि सामंत यांचे मार्ग भिन्न होते, पण आकाशाशी न जुळणारे गणित बदलावे, हा दोघांचा आग्रह सारखाच होता.

समकालीन संशोधन : दिवसाची लांबी

केरोपंत कोष्टके आणि पंचांग यांवर काम करत होते त्याच दशकांत युरोपात चंद्राच्या गतीविषयी एक मोठा प्रश्न उभा राहिला. प्राचीन ग्रहणांच्या नोंदींशी तुलना करता चंद्र काळानुसार थोडा वेगाने जात असल्यासारखा दिसत होता. लाप्लास यांनी याचे कारण पृथ्वीच्या कक्षेतील मंद बदलांत शोधले होते. १८५३ मध्ये जॉन कूच ॲडम्स यांनी दाखवून दिले की, त्या कारणाने निम्म्याच फरकाचा उलगडा होतो. १८६५ मध्ये शार्ल दलोने यांनी उरलेल्या फरकाचे कारण भरतीच्या घर्षणात असावे, असे सुचवले. जॉर्ज डार्विन यांनी १८७९ पासून लिहिलेल्या निबंधांत या कल्पनेला गणिती रूप दिले.

पृथ्वी स्वतःभोवती चंद्राच्या परिक्रमेपेक्षा वेगाने फिरत असल्याने भरतीचा फुगवटा चंद्राच्या रेषेच्या किंचित पुढे नेला जातो. या फुगवट्याच्या ओढीने चंद्राला पुढे रेटा मिळतो आणि तो हळूहळू दूर जातो. त्याच्या मोबदल्यात पृथ्वीचे फिरणे मंदावते. चंद्र दर वर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जात असल्याचे, त्याच्या पृष्ठभागावर १९६९ पासून ठेवलेल्या परावर्तकांवर लेझर किरण पाठवून मोजण्यात आले आहे. दिवसाची लांबी शतकाला सुमारे २ सहस्रांश सेकंदांनी वाढते. पृथ्वीच्या अशाच बलाने पूर्वी चंद्राचे फिरणे मंदावत गेले आणि आता त्याची एकच बाजू कायम पृथ्वीकडे असते.

हा परिणाम सूक्ष्म असला तरी साचत जातो. गणेश दैवज्ञांच्या काळापासून केरोपंतांच्या काळापर्यंत त्यामुळे घड्याळात पडलेला फरक सुमारे ३ मिनिटांचा होता. दोन हजार वर्षांमागील ग्रहणांच्या बाबतीत मात्र तो सुमारे ३ तासांवर जातो. जुन्या पंचांगांतील चुकांचे मुख्य कारण भरतीचे घर्षण नव्हते. अपुरे संस्कार आणि सदोष वर्षमान ही ती कारणे होती. तथापि, पृथ्वीचे फिरणेच एकसारखे नसल्याने कोणतीही कोष्टके कायमची अचूक राहू शकत नाहीत, ठरावीक काळाने वेध घेऊन ती सुधारावीच लागतात, हे या संशोधनाने सिद्ध केले.

अन्य लेखन

केरोपंतांनी शाळांसाठी अंकगणित आणि पदार्थविज्ञान या विषयांवर मराठी पुस्तके लिहिली. सूर्यावरील डाग आणि हवामान यांच्या संबंधाचाही त्यांनी अभ्यास केला. त्यांच्या लेखनामुळे गणित व ज्योतिष या विषयांतील अनेक मराठी संज्ञा रूढ होण्यास मदत झाली.

मृत्यू व वारसा

१९ मार्च १८८४ रोजी केरोपंतांचे निधन झाले. त्यांच्यानंतर व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) यांनी 'ज्योतिर्गणित' या ग्रंथाद्वारे शुद्ध ग्रहगणिताचे काम पुढे नेले. पंचांगशोधनासाठी १९०४ मध्ये मुंबईत आणि १९२० मध्ये सांगलीत परिषदा भरल्या. टिळकांनी या चळवळीचे नेतृत्व केले. रेवती ताऱ्यावर आधारलेली केरोपंतांची परंपरा पुढे टिळक पंचांगात टिकून राहिली. बहुतेक इतर पंचांगांनी चित्रा ताऱ्यावर आधारलेली पद्धती स्वीकारली. आरंभबिंदूविषयीचा मतभेद उरला असला, तरी तिथी प्रत्यक्ष चंद्रसूर्यांवरून काढावी, हे तत्त्व आज महाराष्ट्रातील प्रमुख पंचांगांत मान्य झाले आहे.

केरोपंतांनी ज्या कुलाबा वेधशाळेत काम केले तिची चुंबकीय निरीक्षणे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असल्याने दुसरीकडे हलवावी लागली. संचालक नानाभाई मूस यांच्या काळात १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. १८४१ मध्ये आरंभ झालेली नोंदींची मालिका तेथे पुढे चालू राहिली. चंद्रामुळे वातावरणात येणाऱ्या भरती-ओहोटीची सूक्ष्म खूण चुंबकसूचीच्या हालचालीतही उमटते आणि तिच्या अभ्यासासाठी अशा दीर्घ नोंदी उपयोगी पडतात. ही वेधशाळा केरोपंतांच्या नागावपासून काही किलोमीटर अंतरावर आहे.